रात्रपाळीची नोंद

उद्यमबागच्या आमच्या फाउंड्रीत
वही इंग्रजीतच लिहायची. गिऱ्हाईक जर्मन आहे.
म्हणून मी, सातेरी भरमा कडोलकर,
दहावीला एकदा नापास, एकदा पास,
मे महिन्यातल्या एका रात्री सव्वादोनला लिहिलं:
इराप्पा पास्ड अवे, नियर फर्नेस नंबर टू.

तो नुसता भोवंडून पडला होता.
कांदा हुंगवला, तोंडावर पाणी मारलं,
उठून बसला आणि म्हणाला, चप्पल कुठाय?

सकाळी आठला मॅनेजर हार घेऊन आले.
इराप्पा गेटवर चहा पिवालता.
त्यानंच विचारलं, "हार कुणाला आणलासा ओ?"

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार
दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, झेरॉक्सच्या माडीवर
पिंटो मिसच्या क्लासला बसतो.
पासला आउट लागलं तर माणूस शुद्धीवर येतो,
अवे लागलं तर येत नाही, एवढाच फरक.
"मिस, आमचा थोरला पॉलिटेक्निकमधनं पास आउट झाला, त्याचं काय?"
"तो आपल्याकडचा पास आउट," मिस म्हणाल्या,
"जर्मन माणसाला सांगू नका."

गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे, गिव्ह बॅक.
ग्राइंडरच्या आवाजात घोकत होतो.
पुट अप विथपाशी गाडी अडली.
ठेव, वर, सोबत.
कोण, कुठं, कुणासोबत?
मिसनी कोकणीत शोधलं, सापडेना.
घरी शेवंता चार्जरची पिन हलवून हलवून बसवत होती.
वर न बघताच म्हणाली, "चालवून घेणे."
म्हटलं, चालवायचं काय, घ्यायचं काय?
"बावीस वर्षं झाली," ती म्हणाली,
"अजून तुम्हाला कळालं नाही?"

इराप्पाला हे सांगितलं तर म्हणाला,
आमच्यात माडिबिडु. म्हणजे कर आणि सोड.
तुमच्यात करून टाक. टाकायचं कुठं असतं?
क्रियापदसुद्धा रात्रपाळीवालंच बघ,
अंधारात एकटं घरी जात नाही,
कुणीतरी सायकलवर मागं बसलेलं लागतं.

गेल्या महिन्यात तो रिटायर झाला.
मॅनेजरनी हार आणला. इराप्पानं मान पुढं केली:
"घाला. मागचा राहिलाय."
बैलहोंगलच्या गाडीपर्यंत आम्ही चौघं सी ऑफला गेलो.
खिडकीतनं हात हलवत म्हणाला, "बर्तेन्री."
येतो म्हणाला, आणि गेला.

वहीत लिहिलं:
इराप्पा सीन ऑफ ॲट सिक्स थर्टी.
मिसना दाखवलं. बरोबर आहे म्हणाल्या.
खरं त्यात येतो कुठं बसवायचं,
तेवढं विचारायचं राहिलं.