नखाची खूण

फोंड्याला इनासच्या दुकानात उभी आहे.
पिंपातल्या पाण्यात कुणाची तरी ट्यूब
बुडबुडे सोडते आहे.
मी विचारलं, वळणावर झुकेल
आणि पावसातही धरून ठेवेल, असा कुठला?
इनास हसला नाही.
म्हणाला, बाय, एकाच मांडवात
तू दोन नवरे मागतेस.

मग त्यानं दोन टायर काढले.
नख रुतव, म्हणाला.
पहिल्यावर नख घसरलं, काचेवरून घसरावं तसं.
हा वीस हजार किलोमीटर चालेल. कोरड्यात देव.
दुसऱ्यात नख किंचित आत गेलं,
चंद्रकोरीएवढी खूण उठली
आणि सावकाश भरून आली.
हा आठ, फार तर नऊ हजार.
पण ओल्यात...
त्यानं वाक्य सोडून दिलं
आणि मूठ हळूहळू मिटली.

खाचा मधून निघून तिरक्या कडेला जात होत्या,
अंगणातल्या पाण्याला कुदळीनं वाट काढून द्यावी तशा.
अगदी कडेला मात्र खाच नव्हती,
नुसतं सपाट काळं रबर,
कुशीवर वळणाऱ्यासाठी राखून ठेवलेलं.

वेर्ण्याच्या कारखान्यात मी गोळ्या फोडते.
पगारी काम आहे ते.
यंत्राच्या दोन जबड्यांत गोळी ठेवायची,
ती किती जोरावर फुटते ते लिहायचं.
फार कडक गोळी पोटात विरघळत नाही,
फार मऊ असली तर
डबीतच तिचा चुरा होतो.
मधला आकडा वहीत असतो.
टायरची तशी वही
इनासकडे नाही.

जुलैत, दुसऱ्या पाळीहून परतताना,
बोरी पुलाच्या लोखंडी सांध्यावर
मागचं चाक माझ्याआधी घरी निघालं.
अर्धी वीत.
अर्धीच वीत सरकलं ते, आणि परत आलं.
खाली जुवारी होती, दिसत नव्हती.
मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही,
म्हणजे त्यालाही कळलं नसावं.
मी कुणाला सांगितलं नाही.
पप्पांना तर नाहीच.

पप्पा एकतीस वर्षं पायलट.
पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल,
मागे कधी टपालवाला, कधी पाटी घेतलेली नुस्तेकार्न,
एकदा तर ताप आलेली बकरी.
टायर त्यांनी नेहमी कडकच घेतला,
दोरे दिसेपर्यंत वापरला.
वळणाला ते कधी झुकले नाहीत.
म्हणायचे, वळण म्हणजे
गिऱ्हाईक घाबरायची जागा.

चवथ बारा दिवसांवर.
पर्समध्ये माटोळीचं पाकीट,
नारळ, फटाके, आईचं कापड.
तिथेच उभी राहून हिशोब केला:
रोज पंचेचाळीस किलोमीटर,
नऊ हजार म्हणजे दोनशे दिवस.
पुढच्या चवथीलाही पुरणार नाही.
दोनशे दिवसांसाठी एवढे पैसे कोण मोजतं?

बसव, मी म्हणाले.
दोन्ही चाकांना.

इनासनं हवा भरली, कान लावून वॉल्व्ह ऐकला.
पहिले शंभर किलोमीटर जपून जा, म्हणाला.
नवा टायर अंगानं तेलकट असतो,
सुरुवातीला खोटं बोलतो.

शिरोड्यापर्यंत म्हातारीसारखी आले.
खाणीच्या ट्रकांनी सांडलेला लाल चिखल,
झेब्राचे पांढरे पट्टे,
पडलेली काजूची पानं,
सगळ्यांना वळसा.

पप्पा सोप्यावरून उतरले.
विचारलं काहीच नाही.
टायरवरचे रबराचे केस कुरवाळले,
मग अंगठ्याचं नख रुतवलं.
मऊ आहे, म्हणाले.
मी वाट पाहत राहिले, किंमत विचारतील म्हणून.

खंय निसरलें गो?

बोरीला.

सांध्यावर?

सांध्यावर.

टायरवरची खूण भरून येत होती.
ती पुरती भरेपर्यंत ते वाकूनच राहिले,
मग गुडघ्यावर हात टेकून उठले,
आणि आत जाता जाता म्हणाले,
औंदा माटोळी लहान बांधू.