केलस इल्ल

फॉर्म कन्नडात, गल्ली मराठीत,
मधे मी, बॉलपेन घेऊन.
वडगावात माग सकाळी सहालाच लागतात,
म्हणून इथं प्रश्न विचारायचा म्हणजे ओरडायचा.

सातेरी ढवळी, वय एक्कावन्न.
दहापैकी किती समाधानी आहात, मी ओरडले.
त्यांनी तुटलेला धागा जिभेनं ओला केला, जोडला,
म्हणाले, आठ.
मग जरा थांबून: लिवा आठ. दोन देवाला.

मथुरा, पत्नी. वय?
तिनं नवऱ्याकडं बघितलं.
त्यांनी मागाआडून बोटं दाखवली, आधी चार, मग सहा.

रकाना नऊ, व्यवसाय.
ती जमिनीवर बसून कांड्या भरत होती.
उजव्या हातात चाक, डाव्यात सूत,
पायाच्या अंगठ्याला नातवाच्या पाळण्याची दोरी.
कांड्या नसतील तर माग उपाशी,
पण मजुरी साडीला मिळते, आणि साडी सातेरीची.
यादीत तिच्याजोगा एकच शब्द होता: मनेगेलस.
मने म्हणजे घर, केलस म्हणजे काम.
शब्दाच्या पोटात काम बसलेलं आहे,
तरी खाली बारीक अक्षरात सूचना:
अशांना सात नंबर द्यावा. केलस इल्ल. काम नाही.
मी सात टाकला.
"काय लिवूलीस गे?"
"काही नाही," मी म्हणाले.
आणि खरंच तेच लिहीत होते.

रकाना चौदा. दहापैकी किती?
तिला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं.
"ह्येंनी किती सांगितलं?"
"आठ."
"आठ तास झोपत्यात, तेच सांगितलं असतील."
हसली, आणि हसताहसताच उठली.
आत डाळ उतू जात होती.
"माझं मागनं विचार की."

मंगळवारी गेले तर करंट नव्हता.
गल्ली एवढी गप्प
की कुणाच्या तरी परड्यातली कोंबडी ऐकू येत होती.
बाप्ये कट्ट्यावर, बनियन पोटावर गुंडाळून.
त्यांची सुटी करंटच्या हातात.
मथुराचं चाक हातावर चालतं,
त्याला करंट लागत नाही.

"आता विचार," ती म्हणाली, आणि चाक थांबवलं.
तो हात मी थांबलेला पहिल्यांदाच बघत होते.
तर्जनीला सुतानं पाडलेली खाच,
खाचेत निळा रंग, न निघणारा.

"लगीन झालं तवा..." म्हणाली. सोडून दिलं.
"थोरलीला शाळंत घातलं त्या वर्षी..." तेही सोडलं.
मग, "काल दुपारी. ह्ये शहापूरला गेल्यालं,
पोरगं निजल्यालं. मी उगंच भिताडाला टेकून बसलो होतो."
"किती वेळ?" हा प्रश्न फॉर्मात नव्हता.
"चा थंड हुईस्तोवर."

मग ती आकडा जुळवायला लागली,
काल दुपारचं, बाकीच्या दिवसांत मिसळून,
ओठांतल्या ओठांत,
आणि करंट आला.
गल्लीभर माग एकदम.
तिचे ओठ हलले.
हात तोवर चाकावर गेला होता.

निरीक्षक चिकोडीचे. भले आहेत, आवाज चढवत नाहीत.
रकाना रिकामा चालत नाही बाई, म्हणाले,
एका रिकाम्या रकान्यानं अख्खा फॉर्म बाद होतो,
मग तुमचे बारा रुपयेही.

रात्री भांडी झाल्यावर ओटा कोरडा केला,
त्यावर फॉर्म पसरले. पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवले,
खिडकीतून वारा येत होता.
आतून ह्यांनी विचारलं, "अजून काय करतेस?"
"काही नाही," म्हणाले,
आणि मथुराच्या चौदाव्या रकान्यात
माझा आकडा लिहिला.

खाली सही करायची असते,
उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे म्हणून.
केली.