शेरा

फॉर्म आठ पानांचा.
पहिल्या पानावर अग्निशामक नळकांडं, त्याची मुदत,
दारांची रुंदी, कमोडशेजारचे दांडे,
दर माणशी चौरस फूट.
शिरोड्याच्या रस्त्यावर, सुरूच्या बनाकडे पाठ करून
उभी ही दुमजली इमारत, आमची आजची तिसरी.
समितीतले दोघे ऑफिसात शहाळी पीत बसले.
मी म्हटलं, मला जरा बाथरूमला जायचंय.

एकतीस वर्षं वॉर्डात काढली की एवढं कळतं,
पाहणी खरी तिथूनच सुरू होते.
साबण ओला होता. बरं.
दांडा पकडून उठून पाहिलं, हलत होता. लिहून घेतलं.
खाटांवरच्या कोऱ्या चादरींना घडीच्या रेघा अजून ताठ,
म्हणजे आम्ही येणार हे काल कळलेलं.
ते सगळीकडेच कळतं.

मी चादरी बघत नाही. टाचा बघते.
माणूस किती वेळ एकाच कुशीवर पडून होता
ते टाच सांगते, माकडहाड सांगतं,
तोंड मात्र पाहुण्यांसमोर "बरा आसा" एवढंच म्हणतं.

बस्त्याव फर्नांडिस, एक्याऐंशी, उजवी बाजू गेलेली.
टाचा कोरड्या, पोटऱ्यांखाली उशी.
पाण्याचा पेला डावीकडे, हात पोचेल असा.
पेला कुठल्या बाजूला, याला फॉर्मात रकाना नाही.
इंद्रावती गिरप, वय तिलाही माहीत नाही.
नखं कापलेली, पायांचीसुद्धा.

मग रजिस्टर मागितलं.
दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या नोंदी,
एकच शाई, एकच वळण,
दुपारी दोन, चार, सहा, आठ.
भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा साडेतीन.

दर्शना आरोंदेकर, एकोणीस खाटांना एकटी,
ओढणी कमरेला खोचलेली,
बोटांना बांगड्याचा वास, कारण जेवणाच्या वेळी
बस्त्यावच्या ताटातले काटे तीच काढते.
माझं बोट आठच्या रकान्यावर बघून म्हणाली,
"बाई, वळवू काय लिवू?
माका दोनच हात आसत."

मी काही बोलले नाही.
शहाण्णव साली, कणकवलीला, रात्रपाळीत
मीही पुढच्या वेळा आधीच भरून ठेवल्या होत्या.
फरक इतकाच, की मी वळवलंही नव्हतं.
सात नंबरच्या खाटेवरचा तो माणूस,
त्याचं नाव इथेही सांगत नाही.
पाठीवरची जखम आधी रुपयाएवढी, मग बशीएवढी.
वही तपासून मेट्रनने खाली लिहिलं,
नोंदी चोख.

इंद्रावतीची खाट भिंतीकडे तोंड करून.
आल्यागेल्याला ती एकच विचारते,
"भरती काय सुकती?"
मॅनेजर सामंत म्हणाले, भरती, आजी, भरती.
मीही म्हटलं भरती, पर्समध्ये पेन शोधत.
दर्शना औषधांचा ट्रे खाली ठेवून खिडकीशी गेली,
गजांना गाल टेकवून सुरूंच्या फटीतून बघत राहिली,
"सुकती लागली गो आये. खडपां उघडी पडली."
म्हातारीने मान हलवली.
मग माझ्याकडे बघितलं,
वजनात मारणाऱ्याकडे बघावं तसं.

रजिस्टर खोटं, हे मी लिहिलं.
लिहायलाच हवं होतं.
टाचांबद्दल लिहिलं, हलत्या दांड्याबद्दलही.
रात्रीला आणखी एक मुलगी हवी, असं लिहिल्यावर
समितीतले म्हणाले, मॅडम, ते आपल्या अखत्यारीत नाही,
आणि शेऱ्याला जागा दीडच ओळ.
मी समासात लिहिलं, वळवून, बारीक अक्षरात,
पान संपेपर्यंत.

जीप वेंगुर्ल्याच्या वळणाशी आली
तेव्हा काच खाली करून मी समुद्र बघितला.
पाणी खूप मागे गेलं होतं.
ओल्या पुळणीवर एक होडी कलंडलेली,
आणि दोन माणसं खांदा लावून
तिची कूस बदलत होती.