शेवटचे दोन आकडे

धानोरीच्या गच्चीवर सुखोईसाठी कोणी मान वर करत नाही.
काचा थरथरतात, बोलणं अर्ध्यावर थांबतं,
आवाज गेला की तिथूनच पुढे सुरू.

आज सात चाळीसला आवाज वेगळा आला,
दोन गल्ल्या पलीकडे पिठाची गिरणी लागावी तसा.
टाकीचं झाकण हातात तसंच धरून
मी वर पाहिलं.

डॉर्निअर.
पंख पाठीवर, चाकं पोटाशी,
चिचुंद्रीसारखं लांब नाक,
पात्यांच्या जागी नुसती दोन धुरकट वर्तुळं.
राखाडी अंगावर ती तिरंगी चकती नसती
तर म्हटलं असतं, भोरची एसटी आहे,
चुकून वेळेवर सुटलेली.

खिडक्या मोजायला गेलो, चारवर चुकलो.
आत कोणीतरी असेलच,
मांडीवर पिशवी, खिशात रजेचा कागद,
खाली आमच्या काळ्या टाक्या बघत.
मी हात केला. झाकणासकट.

मग शेपटीजवळचा नंबर वाचायला घेतला
आणि नेमका मध्ये आला
समोरच्या सोसायटीचा ‘फ्लॅट विकणे आहे’.

टिळेकर शेजारच्या गच्चीवरून ओरडले, "फोटो?"
मी ओले हात दाखवले.
तेवीस वर्षं कॅन्टीनचा हिशेब लिहिलेला माणूस,
पावतीशिवाय चहासुद्धा मांडत नाही.
"मग नाहीच आलं," म्हणाले, आणि खाली गेले.

वहीत लिहिलं: तारीख, वेळ,
पश्चिमेकडून, उतरताना.
नंबर अर्धाच.
पुढे दोन आकडे मावतील
एवढी जागा कोरी सोडली.

टाकी तेवढ्यात भरून वाहायला लागली होती.