बेटाचा माल

अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यात
यंदा एप्रिलात चार हजार टॉवेल निघाले एका बेटासाठी.
पांढरे, कडेला निळा पट्टा,
अख्खा माणूस निजेल एवढे.
बेटाचं नाव पेट्यांवर छापलंय.
मालक एक म्हणतात, सुपरवायझर दुसरंच,
आम्ही नुसतं बेट म्हणतो.
बेटाचं झालं का? बेटाच्या किती पेट्या राहिल्या?

घडी घालायची, वरच्या घडीत एक कार्ड सरकवायचं.
जाड, गुळगुळीत, इंग्रजी.
त्यातलं एक मी कमरेला खोचून घरी आणलं.
चोरी म्हणा हवं तर.
पुतणी भार्गवी कॉमर्सला आहे, तिनं आठ्या घालून वाचलं:
आत्या, सुट्टीत बेटावर करायच्या अकरा गोष्टी.

पहाटे किल्ल्यावर जा, समुद्रातून सूर्य वर येताना बघा.
किल्ला आपल्यालाही आहे, म्हटलं. पुढं वाच.
होडी भाड्यानं घ्या, रस्ता जात नाही त्या किनाऱ्याला लागा.
बाजारात ऑलिव्ह चाखा.
आठ पायांचा प्राणी कोळशावर भाजून, वर लिंबू.
शेजारची नरसव्वा 'शी' म्हणाली,
मग हळूच, तिखट घालतात का नाही?

पाचवी मला पाठच झाली.
दुपारी काहीही करू नका.
हे त्यांना लिहून द्यावं लागतं, छापून, जाड कार्डावर!
दुपारी आमच्याकडं चव्वेचाळीस,
पत्र्याखाली किती ते कोण मोजतंय.
माग थांबत नाहीत. कापसाचं तूस भुवईवर बसतं,
घामानं तिथंच चिकटतं,
आमच्यात म्हातारपण आधी भुवयांना येतं
आणि संध्याकाळी धुतलं की जातं.

मधल्या दोन भार्गवीनं भराभरा उरकल्या,
चर्च होतं, गाढवावरून रपेट होती.
आठवीला थांबली.
पाण्यावर उताणं पडून राहा. हात पसरा.
पाणी तुम्हाला धरतं.
'कोण धरतं बे?' नरसव्वा.
पाणी, अक्का.
आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं
आणि आलं की आम्हीच त्याला धरतो,
पिंपात, घागरीत, कुकरात,
भार्गवीच्या शाळेतल्या जुन्या बाटलीतसुद्धा.

त्याच आठवड्यात एका टॉवेलचा धागा चुकला,
निळा पट्टा बोटभर तुटला.
बेटाला चालत नाही. मी वजनावर घेतला.

शनिवारी रात्री गच्चीवर अंथरला.
कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याचा डबा.
चारी बाजूंना लोकांच्या काळ्या टाक्या.
नरसव्वा पाय पसरून म्हणाली, होडी कुठाय?
तारे मोजा, अशी नववी होती.
बारापर्यंत गेलो, मग तिचा डोळा लागला.

अडीचला गल्ली उठली.
मोटारी गुणगुणायला लागल्या एकामागून एक.
सगळे खाली धावले, मी वरच राहिले,
टाकी भरली की ओरडायचं काम माझं.

टाकी भरली.
मी ओरडले नाही.
पाणी काठावरून गच्चीवर आलं,
तापलेल्या फरशीला लागून आधी वाफेचा वास आला.
मी साडीसकट उताणी झाले, हात पसरले.
दोन बोटं पाणी.
धरलं का नाही, सांगता येत नाही.
पाठ मात्र गार पडली, मानेपासून टाचेपर्यंत,
आणि कानात पाणी शिरून
गल्लीचा आवाज फार लांब गेला.

किती वेळ? दोन मिनिटं असतील.
मग मनाला लागलं, ओरडले, मोटार बंद झाली.

त्या टॉवेलनं अंग पुसलं.
अठरा वर्षं घड्या घालते,
ओल्या अंगाला आपला माल पहिल्यांदाच लावला.
खरंच पितो की पाणी.

सोमवारी पेट्या गेल्या.
एका टॉवेलात कार्ड नाही, हे मला माहीत आहे.
कुणाच्या वाट्याला येईल कोण जाणे,
बाई वाळूवर टॉवेल उघडेल
आणि काय करायचं ते तिला कुणी सांगितलेलं नसेल.

पाचवी तरी तिची तिला सुचो.