मामाची मांडी

देवांगचे कान टोचले तेव्हा तो माझ्या मांडीवर होता.
रीतच आहे: रडणाऱ्याला धरायचं काम मामाचं.
बांबोळीला, गोमेकॉच्या चौथ्या खाटेपाशी
हिरव्या झग्याच्या नाड्या बांधताना कुंदाचे हात अडखळले
आणि तिनं त्याला पुन्हा माझ्याच मांडीवर दिलं.
अकरा महिन्यांचा. पहाटेपासून दूध बंद.
माझ्या शर्टाचं बटण चोखत बसला.

मीच पाहिलं होतं, चवथीला.
माहेरपणाला नार्व्याला आली होती ती,
न्हाणीत ऊन पाणी, माझ्या कोपरावर त्याची मान.
उजवीकडे बोटाला गोटी लागली.
डावीकडे नुसती पिशवी,
रात्रभर मानशीवर लावून सकाळी हलकंच वर आलेल्या
जाळ्यासारखी.

"उतरेल हो," भावोजी म्हणाले, "घाई कसली?
पेडण्यात आमच्या कुणाचं वर राहिलंय?"
सगळे हसले. अशा गोष्टीला हसायचंच असतं.
माझे तातूही हसायचे,
मी दोन वर्षांचा असताना, चारचा असताना, सातचा.
आईनं देवीला नारळ बोलला,
कुणी एरंडेल चोळायला सांगितलं.
नवव्या वर्षी शाळेत तपासणीला आलेला डॉक्टर
पडद्याआड थंड बोटांनी शोधत राहिला
आणि वहीत लाल शाईनं लिहिलं: दोन्ही बाजू.
त्यानंतरही दोन वर्षं गेली.
वर्गात सांगितलं, अपेंडिक्स.
घरातही पुढं तेच राहिलं.
कुंदाला त्या दिवसापर्यंत अपेंडिक्सच माहीत होतं.

ताटात खतखतं निवत होतं.
मी म्हटलं, भावोजी, माझी कुणीच घाई केली नाही.

मग बोललो. जे संयोगितेशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.
सहा वर्षं तिलाच तपासत होते,
तिलाच विचारत होते बायका, हळदीकुंकवाला,
तिच्या ओटीकडे बघत.
आणि म्हापशाच्या लॅबमधलं माझं पाकीट
मानशीवरच्या खोपीत, पत्र्याखाली खोचलेलं,
त्यात एक आकडा.
आकडा कसला, शून्य.

कुंदा म्हणाली, पण का? नंतर तर उतरवलं होतं ना?
तिला मी कोरगुटाची टोपली आठवून दिली.
मोड यायला बी दडपतो आपण पेंढ्याखाली,
एक रात्र जास्त राहिलं तर हात घालवत नाही इतकं तापतं,
वरून बी तसंच दिसतं, टपोरं,
पण खाजनात टाकलं तर उगवत नाही.
पोटाच्या आत ऊब जास्त.
बीजाला बाहेरचा गारवा लागतो, आणि वेळेवर.

भावोजी उठले, हात धुतले.
खूप वेळ धुतले.
मग म्हणाले, सोमवारी जाऊ.

डॉक्टर रिबेलोबाईंनी ऊन्हात हात शेकून घेतले
त्याला लावायच्या आधी. हे मी पाहून ठेवलं.
म्हणाल्या, एकच बाजू आहे, वर्षाच्या आत आणलंत,
पुढं मुलंबाळं व्हायला बहुतेक काही अडणार नाही.
मोठा झाला की स्वतः तपासत जायला शिकवा,
लाजू नका.
"बहुतेक" हा शब्द मी कदंबाच्या खिडकीशी बसून
नार्व्यापर्यंत नेला.

आता नर्स आली, हात पुढं करून. "बाबा?"
मामा, मी म्हटलं. बाबा तिकडे सही करतायत.
तिनं उचललं तेव्हा बटण त्याच्या तोंडातच राहिलं,
तिनं बोट घालून काढलं, माझ्या हातावर ठेवलं.
दार मिटलं.

मांडी ओली होती. केव्हा केलं कळलंच नाही.
कुंदा म्हणाली, जा, धुऊन ये.
बसलो तसाच.
घड्याळात साडेनऊ; सुकती लागली असेल,
नार्व्याला मानशीच्या फळ्या पाण्याच्या रेट्यानं
आपल्या आपण उघडत असतील,
किंवा शिंपल्या चिकटून एखादी अडलीही असेल.
आज बघायला तिथं कुणी नाही.