पावती

सायमाचं पाणी कडेकडेनं काच धरू लागलंय.
हिल्का दर विचारते.
ऊबदार शेड, मीटरवर.
थंड शेड, निम्म्यात.
उघड्यावर ताडपत्रीखाली, जवळजवळ फुकटच.

औलिसनं कधी पैसे मोजले नाहीत.
सौनामागे दोन ओंडक्यांवर होडी पालथी घालायचा,
म्हणायचा, लाकडाला थंडी सोसते, लाड सोसत नाहीत.
पण पालथी घालायला चार हात लागतात.

शेडवाला तळावरून बोट फिरवतो,
एका फटीशी थांबतो.
"आत पाणी राहिलं तर गोठेल, फुगेल, फाडेल."
"माहीत आहे," ती म्हणते,
जरा जोरातच.

थंड शेड, मग. मे अखेरपर्यंत.
पावती कुणाच्या नावे?
ती पेन मागून घेते,
दोघांची नावं लिहिते.

वल्ही तेवढी
खांद्यावर टाकून घरी नेते.